वाचकांचे प्रश्न: शेतकऱ्यांच्या पैशातून सोयाबीनचं संशोधन

मागच्या अंकात आपण एक छोटी चौकट दिली होती, की अमेरिकेत सोयाबीन विकणारा प्रत्येक शेतकरी विक्रीच्या रकमेतला अर्धा टक्का बाजूला काढून देतो, त्यातून संशोधन आणि मालाचा प्रचार चालतो आणि याला तिथे चेकऑफ म्हणतात. चार ओळींचीच चौकट होती, पण त्यावर इतके प्रश्न आले की ही अख्खी खेप त्यालाच द्यायची ठरवली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काहींची उत्तरं लांबलीत कारण विषयच तसा आहे.

प्रश्न: हा अर्धा टक्का नक्की कापतं कोण आणि जातो कुठे? सरकारकडे जात असेल तर तो टॅक्सच झाला ना?

सरकारच्या तिजोरीत जात नाही. शेतकरी पहिल्यांदा ज्याला माल विकतो तो खरेदीदार, मग ते धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे धान्य विकत घेऊन साठवणारं कोठार असो की तेल काढणारी मिल, बिलातून अर्धा टक्का कापतो आणि त्या राज्याच्या सोयाबीन बोर्डाकडे पाठवतो. राज्याचं बोर्ड त्यातला निम्मा हिस्सा स्वतःच्या राज्यात वापरतं आणि निम्मा युनायटेड सोयाबीन बोर्ड नावाच्या देशपातळीवरच्या बोर्डाला जातो. उदाहरण म्हणून गणित करून बघा, एक बुशेल म्हणजे सोयाबीनचे साधारण २७ किलो, भाव बुशेलला १० डॉलर धरला तर कापले जातात ५ सेंट. १,००० एकरवाला शेतकरी, एकरी ५० बुशेल उतारा, म्हणजे विक्री ५ लाख डॉलरची आणि चेकऑफ २,५०० डॉलर. एका माणसाला २,५०० डॉलरमध्ये कुठलंही धड संशोधन करून घेता येणार नाही, पण लाखो शेतकऱ्यांचे एकत्र आले की विद्यापीठातली अख्खी टीम पाच-सहा वर्षं एका प्रश्नावर बसवता येते.

याचा कायदा १९९० च्या फार्म बिलात, म्हणजे तिथल्या शेतीच्या मोठ्या कायद्यात झाला, कपात सुरू झाली सप्टेंबर १९९१ पासून, आणि १९९४ मध्ये शेतकऱ्यांचं मतदान घेऊन ती कायम केली गेली. देशाच्या बोर्डावर सत्तरहून जास्त डायरेक्टर आहेत आणि ते सगळे स्वतः सोयाबीन पिकवणारे, राज्यांनी नावं सुचवायची आणि कृषिमंत्र्यांनी नेमायचं अशी पद्धत. कृषी खातं हिशोबावर लक्ष ठेवतं पण पैसे कशावर खर्चायचे ते शेतकरी ठरवतात. आणि एक कडक अट आहे, या पैशातून सरकारी धोरणासाठी लॉबिंग करायचं नाही. ते काम अमेरिकन सोयाबीन असोसिएशन ही १९२० पासूनची वेगळी संघटना करते, ती सभासदांच्या वर्गणीवर चालते. ही भिंत मला फार गरजेची वाटते, नाहीतर संशोधनाचे पैसे बघता बघता राजकारणात गेले असते.

प्रश्न: बियाणं कंपन्या, औषध कंपन्या एवढं संशोधन करतात, विद्यापीठंही आहेतच. मग शेतकऱ्याने वेगळे पैसे का मोजायचे?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय. कंपनी संशोधन करते आणि चांगलं करते, पण ती त्याच प्रश्नावर पैसा लावणार ज्याच्या उत्तरातून काहीतरी विकता येईल. आता "यंदा फवारू नका, गरज नाही" हे उत्तर कोण विकणार? त्या उत्तराचा फायदा फक्त शेतकऱ्याला, म्हणून त्याचा खर्चही शेवटी शेतकऱ्यालाच करावा लागतो.

माव्याचं उदाहरण सांगते. सोयाबीनवरचा मावा मूळचा आशियातला, अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला २००० साली, विस्कॉन्सिनमध्ये, आणि बघता बघता आजूबाजूच्या राज्यांत पसरला. त्याआधी तिथल्या सोयाबीनवाल्यांना कीटकनाशक फवारायची फारशी सवयच नव्हती. आता पानाच्या खाली हिरवट-पिवळे ठिपके दिसायला लागले, पानं चिकट व्हायला लागली आणि लोक घाबरून दिसला मावा की मार फवारा असं करायला लागले. पण किती मावा असला की फवारणीचा खर्च वसूल होतो हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा नॉर्थ सेंट्रल सोयाबीन रिसर्च प्रोग्रॅम, म्हणजे मक्का-सोयाबीन पट्ट्यातल्या राज्यांनी आपापल्या चेकऑफमधून एकत्र चालवलेला कार्यक्रम, त्याने यावर पैसा लावला. सहा राज्यांत तीन वर्षं एकाच पद्धतीने प्रयोग झाले, वेगवेगळ्या पातळीला मावा वाढू दिला आणि शेवटी उतारा मोजला, आणि २००७ मध्ये आकडा छापून आला: झाडामागे सरासरी २५० मावे, संख्या वाढतेय आणि शेतातल्या ८० टक्के झाडांवर मावा आहे, असं असेल तर फवारा.

यातली खरी गंमत, म्हणजे उपयोगाची गोष्ट, ही की २५० ला नुकसान सुरू होत नाही. फवारणीचा खर्च भरून निघेल इतकं नुकसान व्हायला साधारण ६७४ मावे लागतात. २५० चा आकडा मुद्दाम खाली ठेवलाय, म्हणजे शेतकऱ्याला मशीन लावायला, औषध आणायला, पावसाची उघडीप बघायला आठवडाभर हातात मिळतो. मोजायचं कसं तेही ठरवून दिलंय, शेताच्या वेगवेगळ्या भागांतून २०-३० झाडं घ्यायची, सुरुवातीला वरच्या कोवळ्या पानांची खालची बाजू बघायची, नंतर दाणा भरायच्या दिवसांत मावा खाली खोडाकडे सरकतो तेव्हा खालची पानंपण बघायची, आणि पांढऱ्या सुकलेल्या काती मोजायच्या नाहीत कारण त्या जिवंत मावा नाहीत. दाणा पूर्ण भरून शेंग गच्च झाल्यावर मात्र हा आकडा लागू नाही, तेव्हा फवारून फारसं हाती लागत नाही.

उगाच फवारलं तर दुहेरी तोटा होतो, लेडीबर्ड भुंग्यांसारखे मित्रकीटक आधी मरतात आणि मावा परत दुप्पट जोमाने येतो, शिवाय पानांतला रस शोषणारे बारीक कोळीही वाढतात. २०१५ पासून मिनेसोटात पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांना दाद न देणारा मावा सापडायला लागला. म्हणजे न फवारलेली प्रत्येक फवारणी त्या औषधाचं आयुष्य वाढवते. हे सगळं जाहिरातीत कधी येणार नाही म्हणून मुद्दाम लांबवलं.

प्रश्न: मी कृषी पदवीला आहे. रोधक वाण लावूनही सिस्ट निमॅटोड वाढतो असं वाचलं. हे कसं होतं आणि यात शेतकऱ्यांच्या पैशाने काय साधलं?

चांगला प्रश्न विचारलास, आणि याचं उत्तर जरा निवांत वाच. सोयाबीन सिस्ट निमॅटोड हा मुळांवर जगणारा सूत्रकृमी, अमेरिकेत पहिल्यांदा १९५४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात सापडला आणि आज तिथल्या सोयाबीनचं सगळ्यात जास्त नुकसान करणारा शत्रू हाच आहे, वर्षाला १ अब्ज डॉलरहून जास्त. याचं वाईट काय तर वरून काहीच दिसत नाही. झाड हिरवंगार, वाढ बरी, आणि उतारा ३० टक्क्यांपर्यंत घटलेला. शेतकरी पावसाला दोष देतो, जमिनीला देतो, बियाण्याला देतो, आणि मुळाकडे कुणी बघतच नाही.

बघायचं कसं, तर उगवणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी झाड उपटायचं नाही, फावड्याने मातीसकट खणून काढायचं, कारण उपटलं की बारीक मुळं आणि त्यावरच्या माद्या मातीतच राहतात. माती हळू झटकली की मुळांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट-पिवळे लिंबाच्या आकाराचे दाणे दिसतात. नत्राच्या गाठी त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असतात, त्यात घोळ करायचा नाही. हा प्रत्येक दाणा म्हणजे एक मादी. ती मेली की तिचं शरीर तपकिरी कडक कवच होतं, तोच सिस्ट, आत दोनशेच्या वर अंडी असू शकतात आणि ती मातीत कित्येक वर्षं टिकतात. उन्हाळ्यात एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते, म्हणजे एका हंगामात तीन-चार पिढ्या सहज.

आता तुझा मुद्दा. रोधक वाणं निघाली आणि खूप चालली, पण त्यातल्या ९५ टक्क्यांच्या आसपास वाणांत रोधकपणा एकाच मूळ स्रोतातून आलाय, पीआय ८८७८८ नावाच्या चीनमधून आणलेल्या एका जुन्या सोयाबीनमधून. गावातल्या सगळ्या दारांना एकाच किल्लीचं कुलूप लावल्यासारखं झालं. तीसेक वर्षं तोच रोधकपणा सतत लावला, मग त्याला पुरून उरणारे सूत्रकृमीच मागे राहिले आणि वाढले. पिशवीवर रोधक लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, फक्त तुमच्या शेतातल्या सूत्रकृमीला आता ते लागू पडत नाही.

हे कळलं कसं? आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत ग्रेग टायल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं बाजारातली रोधक वाणं खऱ्या शेतात शेजारी शेजारी लावली, उतारा तर मोजलाच पण हंगामाच्या शेवटी मातीत सूत्रकृमीची अंडी किती वाढली तेही मोजलं. याला चेकऑफचा पैसा होता. कुठली बियाणं कंपनी स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या वाणाखाली वाढलेली अंडी मोजून छापेल? दरवर्षी ते कुठल्या वाणात रोधकपणा कुठल्या स्रोतातून आलाय याची यादीही काढतात, म्हणजे शेतकरी पीआय ८८७८८ वाल्यानंतर पेकिंग या दुसऱ्या स्रोताचं वाण लावू शकतो, मधे मक्क्याची फेरपालट करू शकतो. बऱ्याच राज्यांत बोर्डच माती तपासणीचा खर्च उचलतं. पिशवीत माती भरून पाठवायची आणि आकडा घरी येतो.

आणि खोलातलं कामही झालं. रोधकपणा देणारा सोयाबीनच्या डीएनएतला आरएचजी१ हा भाग नक्की काय आहे ते वर्षानुवर्षं कोडं होतं. २०१२ मध्ये विस्कॉन्सिन आणि इलिनॉयच्या संशोधकांनी दाखवलं की तिथे एकच जीन काम करत नाही, शेजारशेजारच्या तीन जीन्सचा तुकडा आहे, आणि साध्या वाणात त्याची एक प्रत असते तर पीआय ८८७८८ च्या वंशातल्या वाणात दहा. प्रती जास्त म्हणून रोधकपणा जास्त. या कामात युनायटेड सोयाबीन बोर्डाचा पैसा होता. तू पुढे पैदास शास्त्रात गेलीस किंवा गेलास तर हा पेपर वाचच, फार सुंदर काम आहे.

प्रश्न: हे सगळं पेपरात छापून कपाटात जातं की रानातही येतं?

कपाटात जाणारंही असतं, खोटं कशाला बोला. पण जिथे पैसे देणारा स्वतः पेरणी करतो तिथे प्रयोग बांधावर आणायचा आग्रह जास्त असतो. आयोवाच्या सोयाबीन असोसिएशनने पट्ट्यांचे प्रयोग शेतकऱ्यांच्याच शेतात करायची पद्धत चांगली रुजवली. एकाच शेतात एक पट्टा शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीचा, शेजारचा नव्या पद्धतीचा, परत जुन्या, परत नव्या, असे आलटून पालटून, आणि काढणी त्याच्याच कंबाइनने, उतारा त्याच्याच यील्ड मॉनिटरवर. बियाण्याचं प्रमाण कमी केलं तर चालतं का, बुरशीनाशकाने खरंच फरक पडतो का, असले रोजचे प्रश्न यातून सुटतात. छोट्या प्लॉटवरचा निकाल आणि शंभर एकरांवरचा निकाल यात अंतर पडतं, कारण मोठ्या शेतात माती एकसारखी नसते, एका टोकाला पाणी साचतं, दुसऱ्या टोकाला माळ. म्हणून हे महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण तांबेऱ्याचं. सोयाबीनचा तांबेरा नोव्हेंबर २००४ मध्ये लुइझियानात सापडला, तेव्हा काढणी होऊन गेली होती म्हणून त्या वर्षी निभावलं, पण पुढच्या हंगामाची भीती प्रचंड होती कारण दक्षिण अमेरिकेत त्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. २००५ मध्ये कृषी खातं, युनायटेड सोयाबीन बोर्ड आणि नॉर्थ सेंट्रलच्या पैशातून देशभर पहारा प्लॉट लावले, म्हणजे लहान लहान तुकडे, बाकीच्या शेताच्या आधी पेरलेले, जेणेकरून ते आधी फुलावर येतील आणि तांबेरा आला तर आधी तिथे दिसेल. लोक ठरावीक दिवसांनी पानं तोडून लेन्सखाली बघायचे आणि निकाल नकाशावर टाकायचे, तो कुणालाही बघता यायचा. हा बुरशीचा रोग थंडीत उत्तरेला टिकत नाही, दक्षिणेला मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याला जिथे कडाका पडत नाही तिथे कुड्झू नावाच्या रानटी वेलींवर राहतो आणि वाऱ्याबरोबर वर सरकतो, त्यामुळे दक्षिणेचा नकाशा बघून उत्तरेच्या शेतकऱ्याला कळायचं की अजून घाई नाही. कृषी खात्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब काढला की पहिल्याच वर्षी या माहितीची किंमत १.१ कोटी ते २९.९ कोटी डॉलरच्या मधे कुठेतरी आहे. पल्ला मोठा आहे कारण रोग येईल ही लोकांची धास्ती किती धरायची यावर ते अवलंबून, पण खालचा आकडा धरला तरी कमी नाही.

पांढऱ्या बुरशीसाठी विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीने स्पोरकास्टर नावाचं अ‍ॅप काढलं होतं, तेही याच पैशातून. फुलोऱ्याच्या काळात हवामानावरून धोका किती ते सांगायचं. फोनवर, फुकट.

प्रश्न: टायर, गाडीच्या सीट आणि डिझेलवर शेतकऱ्यांचा पैसा खर्च करतात असं ऐकलं. यात पिकवणाऱ्याला काय मिळालं?

सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी मुख्य माल पेंड. डुकरं-कोंबड्यांसाठी पेंडीला मागणी असतेच, पण पेंड काढली की तेल निघतंच आणि ते साचत गेलं की सगळ्या दाण्याचा भाव खाली ओढतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हेच दुखणं होतं. म्हणून या तेलापासून डिझेल, म्हणजे बायोडिझेल करायला १९९२ मध्ये राज्यांच्या सोयाबीन बोर्डांनी मिळून नॅशनल सोयडिझेल डेव्हलपमेंट बोर्ड काढलं, पुढे ते नॅशनल बायोडिझेल बोर्ड झालं. इंजिनाच्या चाचण्या, धुराचा आरोग्यावर काय परिणाम होतो याच्या चाचण्या, असली महागडी कामं त्यांनी करून घेतली, कारण ती झाल्याशिवाय बायोडिझेलला इंधन म्हणून कुणी उभं केलं नसतं. फोर्डने २००८ च्या मस्टँगच्या सीटमध्ये सोयाबीन तेलापासूनचा फोम वापरला, गुडइयरने २०१७ मध्ये सोयाबीन तेल घातलेला टायर आणला, दोन्हीमागे बोर्डाचा पैसा होता. सीट आणि टायरमध्ये खपणारं तेल डिझेलच्या मानाने थोडं आहे, हेही खरं.

मला स्वतःला यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हाय ओलेइक सोयाबीनचं वाटतं. साधं सोयाबीन तेल तळणात लवकर खवट होतं म्हणून ते हायड्रोजनेट करायचे, म्हणजे टिकावं म्हणून त्यात हायड्रोजन घालायचे, त्यातून ट्रान्स फॅट हा हृदयाला वाईट असलेला घटक तयार व्हायचा. २००६ पासून अमेरिकेत पाकिटावर ट्रान्स फॅट लिहिणं बंधनकारक झालं आणि कंपन्यांनी सोयाबीन तेल सोडून दुसरी तेलं धरली, पुढे २०१५ मध्ये तर अन्न खात्याने अशा अर्धवट हायड्रोजनेट तेलाला सुरक्षित पदार्थांच्या यादीतून काढलं. गिऱ्हाईक गेलं, तेही दोष शेतकऱ्याचा नसताना. मग उत्तर दाण्यातच शोधायचं ठरलं. मिसुरी युनिव्हर्सिटी आणि कृषी खात्याच्या संशोधकांनी, मिसुरीच्या शेतकऱ्यांच्या आणि देशाच्या बोर्डाच्या पैशातून, जनुकबदल न करता नुसत्या पैदाशीतून असं सोयाबीन काढलं ज्याच्या तेलात ओलेइक अ‍ॅसिड पाव हिश्श्यावरून तीन चतुर्थांशाच्या वर गेलं. हे तेल हायड्रोजनेट न करता तळणात टिकतं. कंपन्यांची जनुकबदल केलेली हाय ओलेइक वाणंही आहेत, पण हे सोयलेइक नावाचं वाण छोट्या बियाणं कंपन्यांनाही घेता येतं, आणि ते लावणाऱ्याला जास्तीचा दर मिळू शकतो. अट एकच, माल वेगळा ठेवावा लागतो, कोठारात दुसऱ्यात मिसळला की सगळं पाण्यात.

प्रश्न: सक्तीने कापलेला पैसा मला पटत नाही. ज्याला हवं त्याने द्यावं. तुम्ही फक्त चांगलीच बाजू सांगताय.

तुमचा राग समजतो, तिथेही हा वाद आहे. ऐच्छिक ठेवलं तर काय होतं, शेजारी पैसे भरतो, २५० माव्यांचा आकडा निघतो आणि न भरणाराही तोच वापरतो, मग पुढच्या वर्षी शेजारीही भरत नाही. ज्ञानाला कुंपण घालता येत नाही, म्हणून सगळ्यांनी थोडं थोडं द्यायचं. पण सक्ती आहे म्हटल्यावर शेतकऱ्याच्या हातात लगाम हवा. कायद्यात तशी सोय आहे, दर पाच वर्षांनी शेतकऱ्यांना विचारतात की यावर परत मतदान हवं का, १० टक्के जणांनी हो म्हटलं तर मतदान घ्यावंच लागतं. आतापर्यंतच्या फेऱ्यांत मागणी त्या १० टक्क्यांच्या बरीच खाली राहिली. याचा अर्थ सगळे खूश आहेत असा मी काढणार नाही, कारण अर्ज घ्यायला कचेरीत जायचं, सही करायची, एवढा खटाटोप छोट्या रकमेसाठी बरेच जण करत नाहीत.

कोर्टातही गेलंय. सोयाबीनचं नाही, पण असल्याच योजनांचं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मशरूमच्या सक्तीच्या जाहिरात वर्गणीविरुद्ध निकाल दिला आणि २००५ मध्ये गोमांसाच्या चेकऑफच्या बाजूने, कारण ते सरकारच्या देखरेखीखालचं सरकारी बोलणं आहे, म्हणजे त्या जाहिरातीतून सरकारच आपलं म्हणणं मांडतंय, असं कोर्टाने म्हटलं. दोन्ही वाद जाहिरातीवरचे होते.

परताव्याचं म्हणाल तर ठरावीक वर्षांनी बाहेरच्या अभ्यासकाकडून मोजमाप करून घेणं बंधनकारक आहे. कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या हॅरी कायझर यांनी २०१४ ते २०१८ या काळाचा हिशोब काढला तेव्हा १ डॉलरमागे १२.३४ डॉलर आले. हा आकडा बोर्डं फार मिरवतात. मी जरा सावधपणे घेईन, कारण तो सगळ्या देशाच्या शेतकऱ्यांची मिळून सरासरी आहे, मॉडेलवर काढलेला आहे, आणि त्यात संशोधनाबरोबर निर्यात-प्रचारही धरलाय. एका शेतकऱ्याच्या खात्यात १२ डॉलर जमा झालेले दिसत नाहीत.

अजून एक गोष्ट कुणी विचारली नाही पण सांगायलाच हवी. सगळ्यांचा उतारा वाढला की माल वाढतो आणि भाव पडू शकतो, मग संशोधनाचा फायदा विकत घेणाऱ्याकडे जातो. म्हणून नुसतं उतारा वाढवणारं संशोधन करून भागत नाही, खर्च वाचवणारं आणि नवी मागणी उभी करणारंही लागतं. बोर्ड कुठल्या डब्यात किती पैसे टाकतं यावर शेतकऱ्याने बारीक नजर ठेवली पाहिजे, भांडलं पाहिजे.

प्रश्न: निकाल यायला किती वर्षं?

मोजणीचा, फवारणीचा, पेरणीच्या तारखेचा प्रश्न असेल तर तीन ते पाच हंगाम, कारण एका वर्षाच्या हवामानावर भरवसा ठेवता येत नाही. नवीन वाणाला सात-आठ ते दहा वर्षं. पायाभूत कामाला त्याहून जास्त. इलिनॉयमधल्या अर्बानाला कृषी खात्याचा सोयाबीन वाणांचा संग्रह आहे, जवळपास २०,००० नमुने. त्या सगळ्यांची डीएनएवरची खूण-पट्टी बोर्डाच्या पैशातून करून घेतली आणि सगळ्यांना खुली केली. आज कुणी पैदासकार रोधकपणा शोधत असेल तर हजारो वाणं लावून बघण्याऐवजी आधी कॉम्प्युटरवर चाळून घेतो. २०१० मध्ये सोयाबीनचा जीनोम प्रसिद्ध झाला त्यातही बोर्डाचा वाटा होता.

प्रश्न: अशी पद्धत फक्त अमेरिकेतच आहे का?

नाही. ऑस्ट्रेलियात ग्रेन्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन १९९० पासून आहे, तिथे धान्य आणि तेलबियांच्या विक्रीवर, त्यात सोयाबीनही आलं, साधारण १ टक्का कापतात आणि सरकार वरून आपली भर घालतं. सरकारची भर घालण्याची ही कल्पना मला अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा जास्त आवडते. तिथलं एक काम सोयाबीनवाल्यांच्या फार उपयोगाचं ठरतंय. तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांनी तिकडचे शेतकरी बेजार होते, तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या रे हॅरिंग्टन या शेतकऱ्यानेच डोकं लावलं की काढणीच्या वेळी कंबाइनच्या मागून भुश्याबरोबर तणाचं बी परत शेतात पडतं, ते तिथेच भरडून टाकलं तर? त्याचं मशीन झालं, कॉर्पोरेशनने त्यामागे पैसा लावला, आणि आता अमेरिकेत पामर अमरँथ आणि वॉटरहेम्प या राजगिऱ्याच्या कुळातल्या तणांवर त्याच पद्धतीच्या मशीनच्या चाचण्या सोयाबीनच्या शेतात झाल्यात. पामरच्या एका झाडाला लाखांत बी लागतं, आणि त्यातलं बरंचसं काढणीपर्यंत झाडावरच राहतं, म्हणून ही युक्ती लागू पडते.

प्रश्न: शेतकऱ्याला स्वतःचा प्रश्न संशोधनात घालता येतो का, की वरचेच ठरवतात?

येतो. राज्याच्या बोर्डावर निवडून गेलेले शेतकरी आपापल्या भागातले असतात, हंगाम संपला की संशोधक प्रस्ताव घेऊन त्यांच्यासमोर येतात आणि यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं ते तिथे ठरतं. त्याआधी आपल्या प्रतिनिधीला गाठून "आमच्याकडे अमुक होतंय" असं सांगायची वेळ असते, पेरणीच्या धांदलीत सांगून उपयोग नाही. आणि सांगताना नुसतं "उतारा कमी आला" असं मोघम सांगण्यापेक्षा कुठल्या पट्ट्यात, कुठलं वाण, मुळं खणून बघितली का, माती तपासली का, एवढं घेऊन गेलं तर त्याचा प्रस्ताव होऊ शकतो. आधी कुठे काम झालंय का हे बघायला चेकऑफच्या पैशातून झालेल्या प्रकल्पांची खुली यादी आहे, राज्य, वर्ष आणि विषयाप्रमाणे शोधता येते, किती पैसे दिले आणि शेवटी काय निघालं तेही त्यात असतं. वाचकांपैकी ज्यांना इंग्रजीची अडचण नाही त्यांनी ती जरूर चाळावी. प्रकल्पाच्या नावाकडे फार लक्ष देऊ नका, थेट शेवटचा अहवाल उघडा आणि त्यात शेतकऱ्याने पुढच्या हंगामात काय बदलायचं ते लिहिलंय का तेवढं बघा.